सोळा ट्रॅकचं कीर्तन दोन ट्रॅकमध्ये उतरवताना

गंगाखेडच्या अलीकडच्या एका गावातल्या पोरानं मला लांबलचक निरोप पाठवलाय. गावच्या हरिनाम सप्ताहात त्यानं सातही रात्रींची कीर्तनं रेकॉर्ड केली. अठरा चॅनलचा डब्यासारखा डिजिटल मिक्सर, त्यातून यूएसबीची वायर लॅपटॉपला, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. पहिल्या दोन रात्री त्यानं फक्त मेन आउटचे, म्हणजे स्पीकरकडे जाणारे, दोन ट्रॅक घेतले. पुढच्या पाच रात्री प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक, असे सोळा. आता सगळ्याची स्टीरिओ फाइल करायला बसला आणि चार ठिकाणी अडकला. पहिल्या दोन रात्रींत महाराजांचा आवाज कोरडा ठणठणीत आणि मृदंग नावालाच. सोळा ट्रॅक मिक्सरमधून वाजवून परत दोन ट्रॅकवर घेतले, तर घुमल्यासारखं होतं आणि मधेमधे टकटक येते. तयार फाइल हेडफोनवर चांगली, पण मंदिरात लावली तर महाराजच गायब. आणि यूट्यूबवर टाकली तर दुसऱ्यांच्या कीर्तनांपेक्षा आवाज हळू. शेवटी विचारतो, ‘काका, सरळ रेंडर मारू का वाजवून रेकॉर्ड करू? खरं मिक्सिंग कोणतं?’ रेंडर म्हणजे सगळ्या ट्रॅकची बेरीज लॅपटॉपनं न वाजवता थेट फाइलीत उतरवणं.

महाराज गायब झाले ते आधी घेतो, कारण त्यापायी पोरगा दोन रात्री झोपला नाही असं दिसतंय. बाळा, तुझी फाइल बरोबर आहे. वायर चुकली. तू लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली, दुसऱ्या टोकाला मोठी स्टीरिओ पिन असलेली वायर मंदिराच्या मिक्सरच्या एकाच लाइन इनपुटात खोचली असणार. त्या पिनेवर टोकाला डावा आवाज असतो, मधल्या कड्यावर उजवा. पण मिक्सरचं ते इनपुट बॅलन्स्ड असतं. टोकावर जे येईल त्यातून कड्यावरचं वजा करायचं, एवढंच त्याला ठाऊक. महाराजांचा आवाज तू मधोमध ठेवलास, म्हणजे तो डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखा. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. दोन्ही बाजूंना जे वेगवेगळं आहे, म्हणजे कडेला ठेवलेले टाळ आणि रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपूट, तेवढं वाचतं. मंदिरात तुला ऐकू आलं ते हेच. खात्री करायची तर रीपरच्या मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथं एकत्र होतात तिथं, मोनोचं (डावं-उजवं एक करणारं) बटण दाब. त्यात महाराज जागेवर असले तर फाइलला हात लावू नको. डावा-उजवा असे दोन वेगळे फाटे देणारी वायर घे आणि मंदिराच्या मिक्सरचे दोन चॅनल वापर. आमच्या भागात निम्म्याहून जास्त मंडपांत ही चूक मी पाहिली आहे, आणि दर वेळी दोष रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या माथी येतो.

आता पहिल्या दोन रात्री. इथं जरा थांबून समजून घे, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची मुळंही इथंच आहेत.

मिक्सरच्या मेन आउटमधून जे बाहेर पडतं ते मंडपाला जे कमी पडतं तेवढंच असतं. पत्र्याचा मंडप, मागं वीस टाळकरी, बाजूला मृदंगाचार्य. मृदंगाची थाप माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाते. टाळांचं तर विचारूच नको, त्यांना माइक द्यायचा म्हणजे समोरच्यांच्या कानांवर अत्याचार. म्हणून साउंडवाला मृदंगाचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, खाली ठेवतो, टाळांचा बंदच ठेवतो आणि महाराजांचा आवाज वर उचलतो. मंडपात बसलेल्याला सगळं नीट ऐकू येतं, कारण अर्धा आवाज स्पीकरमधून येतो आणि अर्धा हवेतून. तुझ्या दोन ट्रॅकवर फक्त स्पीकरचा अर्धा आला. शिवाय शिट्टी येऊ नये म्हणून त्या रात्री मेन आउटच्या ईक्यूत (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमीजास्त करणाऱ्या भागात) तू दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास खड्डे पाडले असशील. तेही फाइलीत उतरले, म्हणून आवाज नाकात बोलल्यासारखा लागतो. मेन आउट हा मंडपासाठी केलेला हिशोब आहे. घरी बसून ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

त्या दोन रात्री अगदी वाया गेल्या असं मात्र नाही. तू लिहिलंस की चुलतभावानं मोबाइलवर पूर्ण कीर्तनाचा व्हिडिओ काढला होता. त्या व्हिडिओचा आवाज काढून घे. त्यात हवेतला अर्धा आहे: मृदंग, टाळ, लोकांचं ‘पुंडलिक वरदे’. मिक्सरचे दोन ट्रॅक मुख्य ठेव आणि मोबाइलचा आवाज त्यांच्याखाली हळूहळू वर आण, मृदंग अंगावर येईपर्यंत. तीनशे हर्ट्झच्या आसपासचा मोबाइलचा डब्यातून आल्यासारखा आवाज थोडा काप. अडचण एकच येईल. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत वीस इतका बारीक फरक धरला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची तूट पडते, आणि तेवढ्यात मृदंगाची प्रत्येक थाप दोनदा पडल्यासारखी ऐकू येते. म्हणून सुरुवातीला एकदा जुळवून सोडून देऊ नको. निरूपणात महाराज श्वास घेतात, अशा जागी दर आठ-दहा मिनिटांनी मोबाइलचा ट्रॅक काप आणि परत जुळव. कंटाळवाणं काम आहे, पण दोन तासांच्या कीर्तनाला पंधरा काप पुरतात.

पुढच्या वर्षासाठी लिहून ठेव: सप्ताहाला पहिल्या रात्रीपासूनच मंडपात दोन माइक श्रोत्यांकडे तोंड करून लाव, त्यांचा मेनचा फेडर अगदी तळाला, पण ट्रॅक मात्र घ्यायचे. आणि कीर्तन सुरू होण्याआधी एका टाळकऱ्याला टाळाचा एकच ठोका मारायला सांग. तो ठोका सगळ्या ट्रॅकवर टोकदार दिसतो, जुळवणीला त्याच्यासारखी खूण नाही. श्रोत्यांचे माइक स्टेजपासून चाळीस फुटांवर असले तर त्यांच्यापर्यंत आवाज सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ती तूट त्या ठोक्यावरून मोजून ट्रॅक तेवढा आधी ओढला की महाराजांच्या शब्दांवरचं धुकं निघून जातं.

रेंडर की वाजवून रेकॉर्ड, याला माझं उत्तर आहे: तुझ्या जोडणीत रेंडर. पण कारण समजून घे, नाहीतर उद्या कुणी जुना माणूस ‘खरं मिक्सिंग हातानं होतं’ म्हणेल आणि तू परत गोंधळशील.

मी शिकलो ते चार ट्रॅकच्या कॅसेटच्या यंत्रावर. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. चार ट्रॅक वाजवायचे, त्यातून निघणारे डावे-उजवे दोन आवाज दुसऱ्या कॅसेट डेकवर घ्यायचे, आणि वाजत असतानाच फेडर वरखाली करायचे. माझा एक हात हार्मोनियमवर, दुसरा आवाजावर, आणि मृदंगाचा फेडर शेजारी बसलेल्या मित्राकडे. साडेसहाव्या मिनिटाला कुणाचं बोट घसरलं की पहिल्यापासून परत. त्यानंतर हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारी यंत्रं आली. आजही जी मिळतात त्यांतल्या पुष्कळ यंत्रांत मास्टरचा वेगळा स्टीरिओ ट्रॅक असतो. सगळे ट्रॅक वाजवत त्या मास्टर ट्रॅकवर रेकॉर्ड करायचं, मग तेवढीच फाइल कार्डातून काढायची. ज्याच्याकडे असं यंत्र आहे आणि संगणक नाही, त्यानं तेच करावं, त्यात काही कमीपणा नाही.

पण तुझं सगळं लॅपटॉपच्या आत आहे. ट्रॅक आत, ईक्यू आत, रिव्हर्ब आत. रेंडर करताना रीपर तीच बेरीज करतो जी वाजवताना करतो. फक्त घड्याळाकडे न बघता करतो, म्हणून दोन तासांचं काम काही मिनिटांत संपतं. विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग कर. एक मिनिटाचा तुकडा रेंडर कर. तोच तुकडा रीपरच्याच एका ट्रॅकवर, त्याचं रेकॉर्डिंग ‘आउटपुट’वर ठेवून, वाजवत रेकॉर्ड कर. दोन्ही फाइली एकाखाली एक ठेव, एकीची पोलॅरिटी (लाटेची वर-खालची दिशा) उलटी कर आणि दोन्ही सोबत वाजव. शांतता ऐकू आली तर दोन्ही फाइली एकच. काही रिव्हर्ब मुद्दाम थोडे हलते ठेवलेले असतात, त्यांची कुजबुज राहील, ती सोड.

वाजवून रेकॉर्ड करायला कारण एकच उरतं: आवाज लॅपटॉपच्या बाहेर नेऊन एखाद्या खऱ्या यंत्रातून काढायचा असेल तेव्हा. एखादा जुना कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र), किंवा मिक्सरचाच रिव्हर्ब तुला आवडतो म्हणून. आणि वाजवत असताना आमच्याकडे काय होतं हे तुला सांगायला नको. एक तास अठ्ठावन्न मिनिटं झाली, की नेमकी लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मिक्सर मरतो आणि काम पहिल्यापासून. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉप इतका तापतो की त्याचा वेग आपोआप कमी होतो आणि टकटक सुरू होते. रेंडरला हा त्रास नाही. तो हळू होईल, चुकणार नाही.

तुझी टकटक बहुतेक याचीच. तू बफर, म्हणजे लॅपटॉप एका दमात हिशोबाला घेतो ते आवाजाचे नमुने, ६४ वर ठेवून मिक्स करतोयस. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येऊ नये म्हणून रेकॉर्डिंगला लहान बफर लागतो. ४८ किलोहर्ट्झला ६४ चा बफर म्हणजे सव्वा मिलिसेकंदाच्या जरा वर, एवढ्या वेळात लॅपटॉपला सोळा ट्रॅक आणि चार रिव्हर्बचं गणित उरकायचंय. मिक्स करताना गाणारं कुणी नाही. बफर १०२४ कर, वायफाय बंद कर आणि मिक्सर बनवणाऱ्यांचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाची ने-आण जलद करणारं सॉफ्टवेअर) वापर. घुमण्याचं कारण वेगळं. तू ज्या ट्रॅकवर परत रेकॉर्ड करत होतास त्याचं मॉनिटरिंग चालू होतं. म्हणजे मिक्सरमधून आलेला आवाज रीपरमध्ये गेला, तिथून मास्टरला, तिथून परत मिक्सरला. विहिरीत ओरडल्यासारखं. कधी बाहेरून वाजवून घ्यायची वेळ आलीच, तर त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद, त्याचा मास्टरकडे जाणारा मार्ग बंद, आणि मिक्सरवरचे उघडे माइकही बंद. नाहीतर महाराजांच्या अभंगात तुझ्या खोलीतला पंखा येईल.

सॅम्पल रेटचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले याचं, एक सांगून पुढं जातो, कारण यात मी स्वतः तोंडावर पडलोय. रेकॉर्डिंग ४४.१ ला, पुढचं यंत्र समजतं ४८, आणि कुणी विचारत नाही. मग एका तासाचं कीर्तन ५५ मिनिटं साडेसात सेकंदांत संपतं आणि सूर पेटीवर जवळजवळ दीड पट्टी चढतो. काळी १ मध्ये गाणारा माणूस पांढरी २ आणि काळी २ यांच्या मधे जाऊन बसतो. अशी पट्टी पेटीवर नाहीच. माझ्याकडून एका शाहिरांचं रेकॉर्डिंग असं गेलं होतं. ते बिचारे म्हणाले, ‘मी तरुण झाल्यासारखा वाटतोय.’ मिक्सर, रीपरचा प्रोजेक्ट आणि रेंडरची खिडकी, तिन्हीकडे ४८ आहे ना, रोज बघ. व्हिडिओसोबत जायचं आहे, म्हणून ४८ च योग्य.

आता खरं काम. सोळातून दोन करायचे म्हणजे काय ठेवायचं आणि कुठं ठेवायचं हे ठरवणं, आणि ते ठरतं ऐकणारा कुठं बसलाय यावर. तुझं कीर्तन स्टुडिओच्या स्पीकरवर कुणी ऐकणार नाही. ते ऐकलं जाणार मंदिराच्या भोंग्यावर, ट्रॅक्टरवरच्या टेपवर, चुलीपाशी ठेवलेल्या मोबाइलवर, आणि एका कानात इअरफोन घालून कापूस वेचणाऱ्या बाईकडून. तिचा दुसरा कान मुकादमाच्या हाकेसाठी मोकळा असतो. तू पेटी पूर्ण डावीकडे ठेवलीस आणि तिच्या कानात उजवा इअरफोन असला, तर तिच्यासाठी पेटीवाला त्या रात्री आलाच नव्हता. म्हणून काहीही पूर्ण कडेला टाकू नको. महाराज मधोमध, मृदंगाची धूमही (खर्जाची बाजू) मधोमध. पेटी तीसेक टक्के एका बाजूला, गायनाचार्य तेवढेच दुसऱ्या बाजूला, टाळकऱ्यांच्या दोन फळ्या चाळीस-पन्नास टक्क्यांवर. रुंदी श्रोत्यांच्या माइकांतून आपोआप येते.

रुंदीच्या हव्यासात मी काय केलं होतं ते ऐक. एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं, आणि नव्यानंच हाती आलेलं सॉफ्टवेअरला जोडायचं, आवाज पसरवणारं एक प्लगइन मी बुवांच्या आवाजावर लावलं. हेडफोनमध्ये असा थाट की बुवा चारी बाजूंनी गातायत. ते प्लगइन एका बाजूची पोलॅरिटी उलटी करून तो थाट आणत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मंदिराचा अॅम्प्लिफायर मोनो. डावं-उजवं एकत्र आल्याबरोबर दोघांनी एकमेकांना खाल्लं. बुवांचा फोन आला, ‘माझा गळा कुठं गेला?’ वायरच्या चुकीत बेरजेऐवजी वजाबाकी होते, इथं बेरीज करूनच आवाज गेला. पण ती वायरची चूक होती, ही माझी. तेव्हापासून मी निम्मा मिक्स मोनोचं बटण दाबूनच करतो. मोनोत प्रत्येक वाद्य आपापल्या जागी ऐकू आलं की मग स्टीरिओ उघडायचा.

मृदंगाकडे वळू. तुझे दोन माइक आहेत, एक धुमेकडे, एक शाईकडे, म्हणजे बारीक आवाजाच्या बाजूकडे. धुमेवर थाप पडली की ते पान आत जातं आणि आतली हवा समोरच्या पानाला बाहेर ढकलते. एक माइक ओढ पाहतो, दुसरा ढकल. म्हणजे दोघांच्या लाटा उलट्या, आणि एकत्र केल्यावर खर्ज पोकळ. कणकेचा गोळा लावून मृदंगाचार्यांनी धूम इतकी कष्टानं लावलेली असते, आणि आपण ती बेरजेत मारून टाकतो. एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून बघ. ज्या स्थितीत खर्ज भरतो ती ठेव. ईक्यूला हात लावायच्या आधी हे करायचं. मी पाहिलेल्या दहापैकी आठ मिक्समध्ये मृदंग ‘बारीक’ असण्याचं कारण हेच निघालं.

टाळ म्हणजे या सगळ्याचा छळ. त्यांना तू वेगळा माइक दिलास की नाही याला अर्थ नाही, ते सोळाही ट्रॅकवर आहेत. महाराजांच्या माइकमध्ये आहेत, पेटीच्या माइकमध्ये आहेत, रिकाम्या खुर्चीपुढच्या माइकमध्येही आहेत. प्रत्येक माइकचं अंतर वेगळं, दहा फुटांना साधारण साडेआठ-नऊ मिलिसेकंद, त्यामुळे एकच ठोका सोळा वेगवेगळ्या वेळांना येतो आणि चिखल होतो. यावर प्लगइन नाही. उपाय आहे माइक कमी करणं. ज्या क्षणी जो माइक कामाचा नाही तो खाली. पूर्ण म्यूट करू नको, कारण माइक बंद झाला की मंडपाची हवाही तुटते आणि कानाला झटका बसतो. दहा-बारा डेसिबल खाली ओढला की काम होतं. टाळांसाठी वेगळा ट्रॅक तर मी बहुतेक वेळा वापरतच नाही. बाकीच्यांतून गळून येतात तेवढे पुरे होतात.

महाराजांच्या एका माइकचे मी दोन ट्रॅक करतो, एक बोलण्याचा, एक गाण्याचा. निरूपणाचे तुकडे वरच्या ट्रॅकवर, अभंगाचे आणि गजराचे खालच्या. बोलण्याला रिव्हर्ब अजिबात नाही, शब्द कळला पाहिजे. शंभर हर्ट्झच्या खालचं काप, म्हणजे माइकच्या दांड्यावर हात आपटल्याचा धप् जातो. गाण्याला थोडा मोठा रिव्हर्ब. आणि मुख्य म्हणजे दोघांच्या पातळ्या वेगळ्या ठेवता येतात. महाराज दृष्टांत सांगताना कुजबुजतात, आणि तीन मिनिटांनी ‘विठोबा रखुमाई’चा गजर उसळतो. या दोन्हींत पंधरा-वीस डेसिबलचा फरक सहज पडतो. मंडपात तो फरक म्हणजेच कीर्तनाची जान. मोबाइलवर मात्र माणूस दृष्टांत ऐकायला आवाज वाढवतो आणि गजराला दचकून फोन टाकतो. कॉम्प्रेसरनं हा फरक दाबायला गेलास तर टाळ पंप मारल्यासारखे वरखाली होतात. म्हणून व्हॉल्यूमची रेघ हातानं ओढ. दृष्टांत पाच-सहा डेसिबल वर, गजर तीन-चार खाली, आणि मग दोन्हींवर हलका कॉम्प्रेसर. गजर सुरू होतो तो पहिला ठोका मात्र खाली ओढू नको, त्याला उसळू दे. रेघ त्यानंतर दोन सेकंदांत उतरव. तो ठोका दबला तर कीर्तन झोपतं.

जनरेटरच्या घूं आवाजासाठी ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अगदी अरुंद खाचा दे. रुंद दिल्यास तर मृदंग गेला.

मास्टरवर लाल दिवा का लागतो, प्रत्येक ट्रॅक तर खाली आहे, असंही तू विचारलंस. एकमेकांशी संबंध नसलेले, पण सारख्या जोराचे दोन आवाज मिळवले की तीन डेसिबल वाढतात, सोळा मिळवले की बारा. अगदी एकच आवाज दोन माइकांत असेल तर एका बेरजेला सहा. म्हणून सगळे फेडर एकत्र निवडून सहा-आठ डेसिबल खाली घे, मिक्स तसाच राहतो. रीपरच्या आत चौसष्ट बिट फ्लोटचं गणित आहे, तिथं लाल दिव्यानं लगेच काही बिघडत नाही. पण चोवीस किंवा सोळा बिटची फाइल बाहेर पडताना जे शून्याच्या वर गेलं ते कापलंच गेलं, परत मिळत नाही.

यूट्यूबवर हळू येण्याचं कारणही यातच. यूट्यूब ढोबळमानानं उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो याचं माप) वर असलेलं खाली ओढतं, पण खाली असलेलं वर उचलत नाही. तुझी फाइल उणे २५ च्या आसपास असावी. हातानं रेघ ओढून झाल्यावर मास्टरच्या शेवटी लिमिटर (आवाज ठरलेल्या छताच्या वर जाऊ न देणारा) लाव, छत उणे १ डेसिबल, ट्रू पीकवर, म्हणजे लाटेचं खरं टोक मोजून. आणि कीर्तन उणे १६ पर्यंत आण. चौदाच्या मागं लागू नको. निरूपण जास्त असलेल्या रात्री चौदा गाठायला गेलास तर गजराचा चुरा होतो, आणि सोळा आणि चौदातला फरक ट्रॅक्टरवर कुणाला कळत नाही. छत शून्याला न ठेवता एक खाली का? एमपी३ किंवा एएसी करताना लाटेची टोकं थोडी वर उडतात, त्यांना जागा लागते.

रेंडर करताना आधी एकच मूळ फाइल काढ: स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ, चोवीस बिट वेव्ह. तासाला साधारण एक जीबी होते. शेवटच्या ‘हेचि दान देगा देवा’नंतर शेपटीला पाच सेकंद सोड, नाहीतर रिव्हर्ब कात्रीनं कापल्यासारखा थांबतो. बाकी सगळं या मूळ फाइलीतून. सीडीसाठी ४४.१ आणि सोळा बिट लागलं तर ते सगळ्यात शेवटी, डिदर (बिट कमी करताना मिसळायची बारीक सळसळ) फक्त तेव्हाच आणि एकदाच. मंदिराच्या पेनड्राइव्हसाठी ३२० चा एमपी३, कारण तिथल्या पुष्कळ प्लेअरना चोवीस बिटची वेव्ह वाचताच येत नाही. एमपी३वरून परत एमपी३ करायचा नाही. सोळा ट्रॅकचं मूळ मात्र जपून ठेव. तासाला आठ-सव्वाआठ जीबी धर, दोन तासांच्या पाच रात्रींचे ८३ जीबी. एका जुन्या हार्ड डिस्कमध्ये मावतात. एकच फाइल चार जीबीच्या वर गेली तर जुन्या पद्धतीनं फॉर्मॅट केलेला पेनड्राइव्ह ती घेणार नाही, त्याला एक्सफॅट कर.

रेंडर झाली म्हणजे काम झालं असं धरू नको. वाजवून रेकॉर्ड करण्यात एक गोष्ट मात्र चांगली होती, ते संपेपर्यंत माणसाला ऐकत बसावंच लागायचं. रेंडरनं ती सवय मोडली. दोन तासांची फाइल दोन तास ऐक, स्क्रीन बंद करून. ज्या ट्रॅकला तू अकराव्या मिनिटाला म्यूट करून विसरलास तो तेव्हाच सापडतो. मी एकदा हेडफोनवर, एकदा मोबाइलच्या तळच्या बारक्या स्पीकरवर ऐकतो. मोबाइलवर मृदंगाची धूम ऐकू येणारच नाही, तिथं फक्त शाईची बोटं ऐकू येतात का ते बघायचं.

तू पाठवलेल्या तुकड्यात श्रोत्यांच्या डाव्या माइकचाच आवाज आहे, तो पाचव्या रात्रीचा. तिथं तू श्रोत्यांचे दोन माइक एकाच ट्रॅकवर घ्यायला गेलास आणि इनपुट मोनो राहिलं. उजवा माइक रेकॉर्ड झालेलाच नाही, तो आता कुठून आणणार. डावा मधोमध ठेव आणि पुढं चल.

येत्या गुरुवारी मी गंगाखेडला कामासाठी येतोय. ती मंदिरातली वायर सोबत आण. डाव्या-उजव्याला प्रत्येकी ४७० ओहमचा एक रेझिस्टर लावून दोन्ही पिनेच्या टोकावर एकत्र सोल्डर करून देतो, कडं जमिनीला जोडून टाकू. मग मंदिराच्या एकाच चॅनलवर लावलीस तरी महाराज जाणार नाहीत. सोल्डर गन मी आणतो, रेझिस्टर तेवढे मोंढ्याजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून घेऊन ठेव.